दोरी, खुंटी, कासव आणि हात : सांगलीतल्या चार यंत्रांच्या नोंदी

७ डिसेंबर, रविवार

२८ फेब्रुवारीला शाळेत विज्ञान दिनाचं प्रदर्शन आहे आणि आठवीकडे ‘यंत्रमानवाचा इतिहास’ हा विषय आलाय. नुसते तक्ते लावायचे नाहीत, चालणारी यंत्रं करायची असं ठरलं. माझ्यासोबत आठवीतली पाच मुलं. कुपवाड एमआयडीसीत दादाचं छोटं लेथचं वर्कशॉप आहे, ते रविवारी आम्हाला मोकळं. हातात बारा रविवार. शाळेकडून ६,००० रुपये. पुढं कुणाला हेच करायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवतेय, त्यामुळं बिघडलेलंही सगळं लिहिणार आहे.

चार यंत्रं निवडली. अलेक्झांड्रियाच्या हेरॉन या ग्रीक यंत्रकाराची दोरीवर चालणारी गाडी, इसवी सनाच्या पहिल्या शतकातली. अल-जझरी या कारागिरानं १२०६ साली लिहून ठेवलेल्या वाजंत्र्यांच्या नावेतला खुंट्यांचा रूळ. ग्रे वॉल्टर या शास्त्रज्ञाचं १९४८-४९चं यांत्रिक कासव. आणि १९६१ साली कारखान्यात कामाला लागलेल्या युनिमेट या यंत्रमानवासारखा हात.

मुलांना फ्रेंच कारागीर वोकांसाँचं यांत्रिक बदक हवं होतं. १७३९ साली पॅरिसमध्ये त्यानं दाखवलेलं हे बदक दाणे टिपायचं, पंख हलवायचं आणि मागून विष्ठा टाकायचं. पण ती विष्ठा आतल्या कप्प्यात आधीच भरून ठेवलेली असायची. टिपलेल्या दाण्यांचं काहीच होत नसे. १७७०मध्ये व्हिएन्नात केंपेलननं दाखवलेला बुद्धिबळ खेळणारा तुर्काचा पुतळाही तसलाच, पेटीत माणूस बसलेला. वोकांसाँ मोठा कारागीर होता, त्याचा यांत्रिक बासरीवाला खरोखर फुंकून बासरी वाजवायचा. तरी बदक नको म्हटलं. आमच्या टेबलावर एकच नियम : यंत्र सोडलं की त्याला हात लावायचा नाही. जे करायचं ते त्यानंच केलं पाहिजे.

१४ डिसेंबर

गाडीचा सांगाडा झाला. १२ मिलिमीटरचा प्लाय, मागं दीडशे मिलिमीटर व्यासाची दोन चाकं, पुढं एक मोकळं फिरणारं चाक. मागच्या दोन चाकांना दोन वेगळे शाफ्ट, प्रत्येकावर स्वतःची दोरी. मधोमध ३ इंची पीव्हीसी पाइप उभा. त्यात धान्य, धान्यावर वजन. वजनाला बांधलेल्या दोन्ही दोऱ्या वर कप्पीवरून येऊन खाली शाफ्टवर गुंडाळायच्या. तळाच्या छिद्रातून धान्य गळतं तसं वजन उतरतं, दोरी ओढली जाते, चाक फिरतं. धान्य गाडीतल्याच ट्रेमध्ये पडतं.

आज ती जागची हलली नाही. शाफ्ट १२ मिलिमीटरचा आणि वजन २ किलो ठेवलं होतं. शाफ्ट बारीक म्हणजे गाडी लांब जाईल एवढाच विचार केला, जोर किती उरेल ते पाहिलंच नाही. चाक शाफ्टच्या साडेबारा पट मोठं, म्हणजे २ किलोच्या ओढीतले जेमतेम १६० ग्रॅम जमिनीपर्यंत पोचतात. त्यातलेच काही बेअरिंगमध्ये जातात. एका मुलानं हळूच मागून ढकललं. त्याला रागावले नाही, पण नियम पुन्हा सांगितला.

२१ डिसेंबर

दादानं शाफ्टवर २० मिलिमीटरचे बुश, म्हणजे जाडी वाढवणाऱ्या नळ्या, बसवून दिले. वजनासाठी भंगारातून ६५ मिलिमीटरचा गोल बार आणला, साडेअकरा सेंटिमीटरचा तुकडा कापला, बरोबर ३ किलो भरला. २१० रुपये.

गाडी चालली, दोन वीत गेली आणि थांबली. छिद्रात शाळू अडकला होता. छिद्र १० मिलिमीटरचं होतं, शाळूचा दाणा चारेक मिलिमीटरचा. तीन-चार दाणे एकमेकांना टेकून कमान धरतात आणि वरचं सगळं धान्य त्या कमानीवर उभं राहतं. पाइपला टिचकी मारली की सुटतं, पण टिचकी म्हणजे हात लावणंच. हेरॉननं राळ्यासारखं बारीक धान्य किंवा मोहरी घ्या असं स्पष्ट लिहिलंय. मी घरच्या डब्यात होता म्हणून शाळू घेतला. त्यात एक रविवार गेला.

दोघी मुलींनी आजपासून कासवाचं काम वेगळं सुरू केलंय.

२४ डिसेंबर

संध्याकाळी वर्गातच मोहरी घालून पाहिली. गळते छान. पण बार आणि पाइपच्या फटीत दाणे शिरतात, चिरडतात आणि तेलानं चिकट लगदा होतो. पाचव्या वेळेला बार अडकून बसला, तो काढायला तासभर लागला. बारच्या खाली नमद्याची चकती लावली, पाइपच्या आतल्या मापापेक्षा किंचित मोठी. दाणे वर येणं थांबलं. मोहरी मात्र सोडली. गणपती पेठेतून २ किलो राळे आणले, २४० रुपये.

२८ डिसेंबर

राळे आणि १४ मिलिमीटरचं छिद्र. बार ६० सेंटिमीटर उतरायला दीड मिनिट. गाडी साडेचार मीटर सरळ गेली, वर्गाच्या एका भिंतीपासून जवळजवळ दुसऱ्या भिंतीपर्यंत. पाचही मुलं तिच्या दोन्ही बाजूंनी गुडघ्यांवर रांगत चालली होती आणि कुणी बोलत नव्हतं.

मग पाइपवर दर १० सेंटिमीटरला खूण करून वेळ घेतला. प्रत्येक टप्प्याला १४ ते १५ सेकंद, पहिल्यालाही आणि शेवटच्यालाही. पाणी असतं तर उंची कमी होईल तशी धार मंदावली असती. धान्याचं तसं होत नाही, कारण वरचा बराचसा भार पाइपच्या भिंती घासून घेतात आणि छिद्राशी दाब साधारण तेवढाच राहतो. हेरॉननं धान्य का निवडलं ते वाचून कळलं नव्हतं, घड्याळ लावल्यावर कळलं. करायला घेणाऱ्यांनी ही मोजणी चुकवू नये.

दुपारी वळण देऊन पाहिलं. मुलांनी कागदावर लिहिलं : आधी सरळ, मग थांब, मग उजवीकडे. त्याच क्रमानं दोरी गुंडाळली. गाडी सुटताच उजवीकडे वळली, थांबली आणि मग सरळ गेली. चष्मेवाली मुलगी बराच वेळ शाफ्टकडे बघत बसली आणि म्हणाली, “बाई, पहिलं काम शेवटी गुंडाळायला पाहिजे.” दोरी उलगडते ती वरच्या थरापासून, म्हणजे आज्ञा उलट्या क्रमानं भरायच्या. तिच्या शब्दांतच तक्त्यावर लिहिलंय.

४ जानेवारी

थांबण्यासाठी दोरीचा सैल वेढा मेणानं शाफ्टला चिकटवायचा. वजन उतरत राहतं, सैल दोरी ताणली जाईपर्यंत गाडी उभी. हे पहिल्याच प्रयत्नात जमलं.

वळणाला मात्र आख्खा दिवस गेला. एका चाकाची दोरी सैल सोडली की ते चाक थांबेल असं मला वाटलं होतं. ते मोकळं असल्यामुळं ओढीनं फिरत राहिलं आणि काटकोनाऐवजी लांबलचक वळसा झाला. उपाय म्हणजे शाफ्टवर खुंटी. दोरी खुंटीला वळसा घालून उलट्या दिशेनं गुंडाळायची, मग एक चाक पुढं आणि एक मागं जातं आणि गाडी जागच्या जागी वळते. आमच्या दोन चाकांत ३० सेंटिमीटर अंतर आहे, त्यामुळं काटकोनाला चाकाचा बरोबर अर्धा फेरा लागतो. हे माप योगायोगानं जुळलं. तुम्ही करणार असाल तर मुद्दाम जुळवा, अंतर चाकाच्या व्यासाच्या दुप्पट ठेवा.

लोखंडी खिळ्यांच्या खुंट्या केल्या होत्या. त्यांच्या कडेला सुती दोरी तुटते. तीन वेळा तुटली. चांगल्या लाकडी खुंट्या हव्यात, आणि खुंट्यांसाठी आमच्याकडून मिरजेपेक्षा चांगलं गाव कुठं सापडणार!

११ जानेवारी

मिरजेला गेले. सतारमेकर गल्लीत एका चाचांच्या दुकानात बसले. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून सुरू झालेलं सतारी घडवायचं हे काम, त्याआधी ही घराणी शस्त्रं घडवणारी, शिकलगारी करणारी. चाचांना गाडीचा शाफ्ट दाखवला. त्यांनी खिळ्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “मॅडम, खुंटी ठोकायची नसते, बसवायची असते.”

सतारीची खुंटी टोकाकडे निमुळती असते आणि भोकही तसंच निमुळतं कोरतात. फिरवत आत दाबली की ती घट्ट धरते, उलट फिरवून ओढली की निघते. सुटायला लागली तर खडू लावायचा. चाचांनी शिसवीच्या तुकड्यांतून माझ्यासमोर दोन खुंट्या कातल्या आणि बाकीच्या बावीस आठवड्यात देतो म्हणाले. रुळाचं सांगितल्यावर त्यांनी तुनाचा ओंडका काढला. खुंट्यांचे ४८०, ओंडक्याचे पैसे घेतले नाहीत.

खडूची युक्ती गाडीलाही लागू पडली. शाफ्टवर खडू घासल्यावर दोरी घसरायची थांबली.

१३ जानेवारी, भोगी

काम नाही. घरी राळ्याचा भात. राळे पेठेत महाग झालेत, गाडीसाठी लागणार असतील तर डिसेंबरातच घ्या. गाडीतले राळे लोखंडाला लागून काळपट झालेत, ते वेगळ्या डब्यात नाव लिहून ठेवलेत.

मुलांनी विचारलेलं, आपल्याकडं असलं काही नव्हतं का. होतं. धारच्या राजा भोजाच्या अकराव्या शतकातल्या ‘समरांगणसूत्रधार’ ग्रंथात यंत्रांवर एक स्वतंत्र अध्यायच आहे, लाकडी द्वारपाल आहेत, नाचणाऱ्या पुतळ्या आहेत. पण त्यातच असंही म्हटलंय की यंत्रांची घडण इथं सांगितलेली नाही ती गुप्ततेसाठी, अज्ञानामुळं नव्हे. हे वाचून मला फार चुटपूट लागली. अल-जझरीनं मात्र मापं, जोडणी, आकृत्या सगळं मांडून ठेवलं, म्हणून आठशे वर्षांनी आम्हाला त्याचा रूळ करता येतोय. भोजाची एखादी पुतळी टेबलावर ठेवायची माझी फार इच्छा होती. घडण हाती नाही, म्हणून नाही ठेवली.

१८ जानेवारी

रूळ. १२० मिलिमीटर व्यास, परिघावर आठ भोकांच्या दोन रांगा. खुंटी आली की पट्टी उचलली जाते, सुटली की पट्टीचं टोक छोट्या डफावर आपटतं. अल-जझरीच्या नावेत चार वाजंत्री होते आणि रूळ पाण्याच्या चाकावर फिरायचा. आमच्याकडं पाण्याची धार सारखी ठेवता येईना, म्हणून जुन्या बाजारातून वायपरची मोटर घेतली, ३५० रुपये. तक्त्यावर तसं स्पष्ट लिहायचं ठरलं.

केरवा लावला. धा गे ना ति न क धि न. एका पट्टीला जाड आवाज, दुसरीला बारीक. क सोडून दिला, तो दोन पट्ट्यांत बसत नाही. पहिल्यांदा नुसता खडखडाट झाला, पट्टी आपटून पुन्हा उसळायची आणि एका ठोक्याचे तीन ठोके ऐकू यायचे. पट्टीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बसवल्यावर उसळी गेली. चाचांना फोनवरून ऐकवलं. त्यांनी एकदाच ऐकलं आणि म्हणाले, “चौथी मात्रा मागं पडतेय.” मोजलं तर चौथं भोक खरंच २ मिलिमीटर सरकलेलं होतं. ते बुजवून पुन्हा पाडलं.

खुंट्या काढून मुलांनी दादरा लावायचा प्रयत्न केला. आठ भोकांत सहा मात्रा बसत नाहीत. पुन्हा केला तर रुळाला चोवीस भोकं ठेवेन, म्हणजे दोन्ही बसतील.

२५ जानेवारी

उद्याच्या ध्वजवंदनाची तयारी. रविवार गेला.

१ फेब्रुवारी

कासव. मुलींनी सहा आठवडे नेटानं काम केलं, पण ते काही चालेना, म्हणून आज सगळे त्याच्याभोवती बसलो.

ग्रे वॉल्टर ब्रिस्टलच्या बर्डन संस्थेत मेंदूवर काम करायचा. त्याच्या कासवांची नावं एल्मर आणि एल्सी. आत जुन्या रेडिओत असायचे तसे दोन व्हॉल्व्ह, दोन मोटरी, एक प्रकाशाचा डोळा आणि कवचाला एक स्पर्शाचा स्विच, एवढंच. पुढचं चाक चालवतंही आणि वळवतंही, डोळा त्याच चाकाच्या दांड्यावर. अंधारात दांडा गोल गोल फिरत राहतो, कासव भटकतं. उजेड दिसला की वळणं थांबतं आणि ते उजेडाकडं जातं. उजेड फार प्रखर झाला की पुन्हा वळतं. गाडीची आज्ञा दोरीत होती, वाजंत्र्यांची खुंट्यांत. इथं आधी भरून ठेवलेला क्रमच नाही. समोर काय दिसतं त्यावर पुढचं ठरतं.

आम्ही व्हॉल्व्हऐवजी दोन ट्रान्झिस्टर आणि दोन रिले (विजेनं चालणारे स्विच) घेतले, डोळा म्हणून दहा रुपयांचा एलडीआर, म्हणजे उजेडात रोध कमी होणारा भाग. खेळण्यात असतात तशा बीओ मोटरी दोन, १४० रुपये. १८६५० मापाचे पुन्हा चार्ज होणारे दोन सेल आणि चार्जर मिळून ४८० रुपये.

चूक क्रमांक एक : दांडा एकाच दिशेनं फिरतो, म्हणजे त्यावरच्या मोटरीच्या आणि डोळ्याच्या वायरींना पीळ पडत जातो. मुलींच्या वायरी दर वीस मिनिटांनी तुटत होत्या आणि त्या न कंटाळता पुन्हा डाग देत होत्या. मला आधीच लक्षात यायला हवं होतं. दांड्यावर तांब्याच्या तीन कड्या बसवल्या आणि त्यांना मिक्सरच्या मोटरीतले कार्बन ब्रश टेकवले. आता दांडा कितीही फिरो.

चूक क्रमांक दोन : कड्यांमुळं डोळ्याचा संदेश खरखरतो आणि रिले टकटकत राहतो. डोळ्याला समांतर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, दोन्ही मोटरींच्या टोकांवर ०.१चे छोटे कपॅसिटर आणि रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड लावल्यावर शांत झालं. डायोड पहिल्या दिवसापासून हवा होता. तो न लावल्यामुळं चार ट्रान्झिस्टर गेले.

८ फेब्रुवारी

कासव पहिल्यांदा सुटलं. दुपारी साडेतीनची वेळ, पश्चिमेची खिडकी उघडी. ते वर्गभर गोल गोल भटकलं, बाकाला धडकलं, मागं सरलं, पुन्हा निघालं आणि खिडकीखालच्या उन्हाच्या कडेशी जाऊन घुटमळत राहिलं. उन्हात शिरायचं नाही, सोडून जायचं नाही. बुधगावहून येणारा मुलगा म्हणाला, “बाई, त्याला ऊन पाहिजेय आणि सोसतबी न्हाई.” मी रिलेची मांडणी त्याला चार वेळा समजावली होती. त्यानं आज ती एका वाक्यात मला सांगितली.

कवच म्हणून प्लॅस्टिकची टोपली उलटी टांगलीय, चार रबरांवर. टोपली हलली की आतली सळई कडीला टेकते. रबर ढिलं पडलं की कासव स्वतःच्याच हेलकाव्यानं धडक झाली समजतं. दर दोन दिवसांनी रबर बदला.

१२ फेब्रुवारी, रात्री

आज शाळेतच थांबलो, पालकांना कळवून. वॉल्टरनं कासवाच्या पुढं एक छोटा दिवा ठेवला होता, वळणाची मोटर चालू असेल तेव्हाच तो लागतो. तसा दिवा जोडला आणि सगळे दिवे घालवून कासव मोठ्या आरशासमोर सोडलं.

डोळा फिरत फिरत आरशाकडं आला आणि त्याला दिवा दिसला. दिवा दिसला म्हणून वळण थांबलं. वळण थांबलं म्हणून दिवा विझला. दिवा विझला म्हणून वळण पुन्हा सुरू झालं, आणि दिवा पुन्हा लागला. आरशासमोर ते थरथरत, लुकलुकत, थोडं थोडं पुढं सरकत राहिलं. दोन ट्रान्झिस्टर आणि दोन रिले, मी स्वतः डाग दिलेले. तरी मला तिथून नजर काढवेना. मुलंही खाली फरशीवर बसून राहिली. साडेनऊला शिपाईमामा कुलूप घेऊन आले, तेही दहा मिनिटं उभे राहिले.

१५ फेब्रुवारी

हात. उशीर झालाय हे मान्य. जानेवारीतच घ्यायला हवा होता.

दादाच्या शेजारी ॲल्युमिनिअम डायकास्टिंगचं, म्हणजे वितळलेली धातू साच्यात दाबून भाग करायचं, युनिट आहे. तिथं मुलांना नेलं. साचा उघडला की एक कामगार चिमट्यानं गरम तुकडा ओढतो, बाजूला टाकतो, साच्यावर फवारा मारतो आणि पुन्हा तेच. वाफ तोंडावर येते. आम्ही पंधरा मिनिटं उभे होतो, तेवढ्यात एका मुलीचा घसा बसला. १९६१ साली न्यू जर्सीत जनरल मोटर्सच्या कारखान्यात युनिमेटला पहिलं काम मिळालं ते नेमकं हेच, डायकास्टिंगच्या मशीनमधून गरम भाग काढायचं. जॉर्ज डेव्होलनं १९५४ साली पेटंटचा अर्ज केला, जोसेफ एंगेलबर्गरनं ते कारखान्यात उतरवलं. हायड्रॉलिकवर चालणारा तो हात जवळपास १,८०० किलोचा होता. क्रम शिकवायचा, तो चुंबकीय ड्रमवर साठायचा.

‘रोबो’ या शब्दाचा अर्थ मुलांना तिथंच सांगितला. १९२० साली कारेल चापेक या चेक लेखकानं नाटकात तो वापरला, सुचवला त्याच्या भावानं, योसेफनं. मूळ शब्द ‘रोबोटा’, म्हणजे वेठ. चिमटा धरलेल्या त्या माणसाकडं बघत असताना तो शब्द समजावून सांगावा लागला नाही.

१९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुटी, दिवसभर काम. चार सर्व्हो (सांगितलेल्या कोनात जाऊन थांबणाऱ्या मोटरी), एक अर्डुइनो (प्रोग्रॅम भरता येणारं छोटं बोर्ड), चार नॉब. नॉब फिरवून हात नेईल तिथं न्यायचा, बटण दाबलं की ती जागा लक्षात ठेवायची, दुसरं बटण दाबलं की सगळं ओळीनं पुन्हा करायचं. हायड्रॉलिक आमच्या आवाक्यात नव्हतं.

लहान निळे सर्व्हो खांद्याला लावले होते. वीस सेंटिमीटरच्या हातानं ५० ग्रॅमचा नट उचलताना आतले प्लॅस्टिकचे दाते उडाले. दोन गेले. धातूच्या दात्यांचे मोठे चार घेतले, १,८०० रुपये. ते एकदम हलले की व्होल्टेज पडतं आणि अर्डुइनो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. सर्व्होंना ५ व्होल्ट १० अँपिअरचा वेगळा सप्लाय दिला, फक्त निगेटिव्ह एकत्र ठेवली. आणखी ७५० रुपये.

२२ फेब्रुवारी

बारा जागा शिकवल्या. हात नट उचलून डबीत टाकायला लागला. तेवढ्यात वीज गेली. आली तेव्हा हात काहीच विसरला नव्हता असं मुलांना वाटत होतं, पण बटण दाबल्यावर तो हललाच नाही. सगळं रॅममध्ये ठेवलं होतं, ती वीज गेली की कोरी होते. आता प्रत्येक जागा ईईप्रॉममध्ये, वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत, लिहिली जाते. डेव्होलचा ड्रम किती महत्त्वाचा होता ते या बारा जागा पुन्हा शिकवताना उमगलं. दोरी वीज गेली म्हणून काही विसरत नाही, खुंटीही नाही.

२७ फेब्रुवारी, रात्री

कोपराचा सर्व्हो जळाला. हात पूर्ण लांबवून तासभर चालू ठेवला होता, त्या जागी त्याला सतत पूर्ण जोर लावावा लागतो. माझीच चूक, विश्रांतीची जागा मधली ठेवायला हवी होती. सांगलीत एवढ्या उशिरा दुसरा मिळत नाही.

एका मुलानं सुचवलं, कोपराला दोरा बांधू, टेबलाखालून मी ओढतो, कुणाला दिसणार नाही. तो मनापासून मदत करत होता, बारा आठवड्यांची मेहनत वाया जाऊ नये म्हणून. मी काही म्हणायच्या आत चष्मेवाली म्हणाली, “मग बदक का नाही केलं आपण?” त्यानं दोरा खिशात ठेवला. कोपर नटबोल्टनं पक्कं बांधलं. हात आता फक्त आडवा फिरतो आणि पकड उघडतो-मिटतो. पुढं पाटी लावली : ‘कोपराची मोटर काल जळाली. आज दोनच हालचाली.’ पाटी त्याच मुलानं लिहिली.

२८ फेब्रुवारी

नऊ ते चार. गाडी ३१ वेळा सुटली, चार वेळा वाट चुकली, दोन्हीतली एक दोरी ओल्या फरशीवर भिजल्यामुळं. रूळ दिवसभर वाजला, एक खुंटीही सुटली नाही. चाचा मिरजेहून आले होते. त्यांनी खिशातून खडू काढून एका खुंटीला लावला, कानानं तपासलं आणि मगच बाकीचं पाहिलं.

कासवाला गर्दीत मोकळी जागा मिळेना. लोकांच्या पायांना धडकून धडकून दुपारी त्याची बॅटरी संपली. खडूनं दोन मीटरचं रिंगण आखून ठेवा. त्याच्यामागच्या भिंतीवर पुढची वाट दाखवणारी पट्टी होती : १९६६ ते १९७२ दरम्यान कॅलिफोर्नियात घडलेला शेकी हा फिरता रोबो, मंगळावर १९९७ साली उतरलेला सोजर्नर, २००२चा घर झाडणारा रूम्बा आणि शेवटी २६ किलोंचा प्रज्ञान, २३ ऑगस्ट २०२३ला चांद्रयानातून चंद्रावर पोचलेला. पट्टी कमी लोकांनी वाचली. प्रज्ञानजवळ मात्र लहान मुलं थांबत होती.

हातासमोर एक गृहस्थ बराच वेळ उभे राहिले. कारखान्यात वेल्डिंगच्या रोबोवर काम करतात म्हणाले. पाटी वाचून विचारलं, “कुठल्या जागेत थांबवला होता?” लांबवून, असं सांगितलं. “आमच्याकडं पण सुरुवातीला तेच झालं,” म्हणाले आणि मुलांना खाली बसून समजावलं की वजन शरीराजवळ असलं की मोटर गार राहते. दोन मुलांनी हात लांब करून दप्तर धरून पाहिलं.

२ मार्च

हिशोब. गाडी १,१५० रुपये, रूळ १,२००, कासव १,४३०, हात ४,८६०. एकूण ८,६४०, म्हणजे २,६४० वरचे. जळालेले आणि मोडलेले भाग त्यातच धरलेत. सगळ्यात जास्त वेळ गाडीला गेला, सगळ्यात जास्त पैसे हाताला. पैसे कमी असतील तर हात सोडा, गाडी आणि कासव करा.

राहिलेलं : कोपराला नवा सर्व्हो, रुळाला चोवीस भोकं, कासवासाठी आत दिवा असलेलं घर, जिथं जाऊन ते स्वतः चार्ज होईल. वॉल्टरनं ते केलं होतं. दोघी मुली त्यासाठी एप्रिलच्या सुटीत येणार आहेत.

राळे चाळून वाळवून डब्यात भरले. दोरी गुंडाळण्याचा तक्ता गाडीच्या तळाला चिकटवलाय, शेवटची आज्ञा सगळ्यात वर लिहून.